पेपर पाठवताय? जर्नल निवडण्यापासून रिव्ह्यूअरला उत्तर देण्यापर्यंत या चुका टाळा

"मॅडम, पेपर ॲक्सेप्ट झाला, दोनच दिवसात!" असा मेसेज आला की मला आनंदाच्या आधी काळजी वाटते. कारण दोन दिवसात कुणीही जाणकार माणूस पेपर वाचून त्याच्यातल्या चुका काढून लिहून देत नाही. खऱ्या जर्नलमध्ये आधी एडिटर बघतो, मग तो रिव्ह्यूअर, म्हणजे पेपर तपासणारे त्याच विषयातले जाणकार, शोधतो, त्यातले निम्मे नाही म्हणतात नाहीतर उत्तरच देत नाहीत, जे हो म्हणतात ते आपली नोकरी सांभाळून फुकटात वाचतात, त्यामुळं दोन-तीन महिने सहज जातात आणि काही विषयात सहा महिनेसुद्धा. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आणि भोवतालच्या कॉलेजांमधून पीएचडी करणारी पोरं खूप मेहनती आहेत, लॅबमध्ये रात्र काढतात, शेतात जाऊन सॅम्पल आणतात, आणि मग तीन वर्षांचं काम कुठल्यातरी वेबसाइटला दोन-तीन हजार रुपये भरून देऊन टाकतात, हे बघवत नाही म्हणून सविस्तर लिहितीय.

जर्नल निवडताना

पहिली गोष्ट, "यूजीसी अप्रूव्ह्ड", म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं मान्य केलेलं, असं साइटवर ठळक लिहिलंय म्हणून पेपर पाठवू नका. यूजीसी-केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नलची यादी, 2019 ला सुरू झाली आणि 2025 च्या फेब्रुवारीत यूजीसीनं ती बंद झाल्याचं जाहीर केलं, आता जर्नल कसं निवडायचं ते ज्यानं त्यानं आणि ज्याच्या त्याच्या संस्थेनं ठरवायचंय. तरी त्या लिस्टचं नाव लावून धंदा करणारे आहेतच. आणि आणखी एक, 2022 च्या पीएचडी नियमांत यूजीसीनं थिसिस देण्याआधी जर्नलमध्ये पेपर असायलाच पाहिजे ही अट काढून टाकली. तुमच्या विद्यापीठाचा सध्याचा नियम काय आहे ते पीएचडी सेक्शनला जाऊन विचारा, सिनियरनं सांगितलं म्हणून घाईघाईत कुठंतरी पेपर टाकू नका.

आयएसएसएन नंबर आहे म्हणजे जर्नल चांगलं, असंही नाही. तो आठ आकडी नंबर म्हणजे नियतकालिकाची ओळख, आतला मजकूर कुणी तपासलाय असा त्याचा अर्थ होत नाही. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणतात, म्हणजे जर्नलमधल्या पेपरचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो तो आकडा, तो क्लॅरिव्हेट कंपनी काढते, "ग्लोबल", "युनिव्हर्सल" असली नावं लावलेले बाकीचे आकडे विकत मिळतात. स्कोपस या जर्नलच्या मोठ्या डेटाबेसमध्ये आहे म्हणत असतील तर स्कोपसच्या स्वतःच्या सोर्स लिस्टमध्ये जाऊन नाव, आयएसएसएन आणि कव्हरेज अजून चालू आहे का बंद झालंय ते बघा. चांगल्या जर्नलची हुबेहूब नकली वेबसाइट काढून पैसे गोळा करणारेही आहेत, त्यामुळं मेलमधल्या लिंकवरून आत जायचंच नाही.

2013 मध्ये 'सायन्स' मासिकासाठी एका पत्रकारानं मुद्दाम ढोबळ चुका असलेला खोटा पेपर 304 ओपन ॲक्सेस, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या, जर्नलना पाठवला होता, त्यातल्या 157 जर्नलनी तो घेतला! आणि नुसतं मोठं नाव बघूनही भागत नाही, हिंदावी ही वायलीसारख्या मोठ्या प्रकाशकाची कंपनी, तिला 2023 मध्ये आठ हजारांवर पेपर मागं घ्यावे लागले, मुख्यतः स्पेशल इश्यूमधले, म्हणजे पाहुण्या एडिटरांनी काढलेल्या खास अंकांमधले. म्हणून माझं सांगणं एकच असतं, त्या जर्नलमधले तुमच्या विषयाचे चार पेपर पूर्ण वाचा. वाचताना तुम्हालाच चुका दिसायला लागल्या तर तिथं कुणी रिव्ह्यू करत नाही हे समजून जा. आता वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्र सरकारच्या योजनेमुळं सरकारी संस्थांमध्ये तेरा हजारांच्या आसपास जर्नल वाचायला मिळतात, आपल्या लायब्ररीत जाऊन लॉगिन कसं करायचं ते विचारा.

आधीच पाठवलाय आणि आता शंका येतीय

पैसे भरू नका, कॉपीराइटच्या फॉर्मवर सही करू नका. पेपर मागं घेतोय असा स्पष्ट मेल सगळ्या ऑथरना कॉपी ठेवून पाठवा आणि तो जपून ठेवा. "विथड्रॉवल फी भरा नाहीतर ब्लॅकलिस्ट करू" अशी धमकी येते, तिला घाबरून पैसे देऊ नका, गाईडला लगेच सांगा. उत्तर नाहीच आलं तर नव्या जर्नलच्या एडिटरला झालेला सगळा प्रकार लिहून कळवा आणि मगच पाठवा. लपवून मात्र दुसरीकडं टाकायचं नाही, एकाच वेळी दोन जर्नलकडं पेपर असणं ही सगळीकडंच गंभीर चूक धरतात आणि ती पकडली जाते, कारण तुमच्या विषयातले रिव्ह्यूअर थोडेच असतात आणि दोन्हीकडून तोच पेपर एकाच माणसाकडं जाऊ शकतो.

नावं कुणाची घालायची

इथं आपल्याकडं सगळ्यात जास्त गप्प बसतात. एचओडी सरांचं नाव, प्राचार्यांचं नाव, गाईडच्या मित्राचं नाव कारण त्यांनी मशीन वापरायला दिलं. वैद्यकीय जर्नल एडिटरांच्या कमिटीचे, म्हणजे आयसीएमजेईचे निकष बाकीच्या विषयांतही मानतात आणि ते चार आहेत: कामात खरा वाटा हवा, लिहिण्यात किंवा दुरुस्त करण्यात सहभाग हवा, शेवटच्या मसुद्याला मान्यता दिलेली हवी, आणि उद्या प्रश्न आला तर उत्तर द्यायची जबाबदारी घेतलेली हवी. चारही हवेत, एक नाही. मशीन दिलं, फंड दिला, त्यांचे आभार मानायला जागा असते, तिथं मनापासून माना.

पण सरांना नाही कसं म्हणायचं, हा खरा प्रश्न. पेपर तयार झाल्यावर म्हणायला गेलं की भांडण होतं, काम सुरू करतानाच कोण काय करणार ते एका कागदावर लिहून सगळ्यांना मेल करून ठेवलं की बोलणं सोपं जातं. बरीच जर्नल आता कुणी काय केलं ते भरून घेतात, तो फॉर्म आधीच समोर ठेवा आणि "सर, तुमच्या नावापुढं इथं काय लिहू?" असं आदरानं विचारा. बऱ्याच वेळा सर स्वतःच म्हणतात, राहू दे. आणि उलटं पण बघा, ज्या पोरीनं सहा महिने रीडिंग घेतली तिचं नाव प्रोजेक्ट स्टुडंट म्हणून वगळायचं, हा तर अन्यायच आहे.

व्हॉट्सॲपवर "फर्स्ट ऑथर इतके, सेकंड इतके" असे पेपरवरची नावं पैशांना विकणारे मेसेज फिरतात ना, त्याच्या जवळपासही जाऊ नका. ॲक्सेप्ट झाल्यावर अचानक नवीन नाव घालायला सांगितलं की एडिटरला नेमका तोच संशय येतो.

सिमिलॅरिटी कमी करण्याच्या नादात

सिमिलॅरिटी म्हणजे तुमचा मजकूर आधी छापलेल्या मजकुराशी किती जुळतो तो सॉफ्टवेअरनं काढलेला टक्का. यूजीसीचे 2018 चे नियम असे आहेत की थिसिसमध्ये 10 टक्क्यांपर्यंत साम्य असलं तर शिक्षा नाही, 10 ते 40 ला ठराविक मुदतीत दुरुस्त करून द्यायचं, 40 ते 60 ला एक वर्ष बंदी, त्याच्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. त्यामुळं सगळ्यांचं लक्ष त्या आकड्यावर. मग कुणीतरी शब्द बदलणारं टूल वापरतं, आणि ब्रेस्ट कॅन्सरचं होतं 'बुझम पेरिल', आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं होतं 'काउंटरफिट कॉन्शसनेस'. हे खरंच छापून आलेले शब्द आहेत आणि 2021 पासून काही संशोधक असले शब्द शोधून पेपर उघडे पाडतायत. आकडा 8 टक्के आला तरी कल्पना दुसऱ्याची घेऊन नाव दिलं नसेल तर ती चोरीच, आणि 18 टक्के आला तरी त्यात नुसत्या मेथडची ठरलेली वाक्यं असू शकतात. रिपोर्ट उघडून एकेक रंगवलेली ओळ वाचा. एआयनं इंग्रजी सुधारून घेतलं असेल तर जर्नलचा नियम बघून तसं लिहा, एआयला ऑथर करता येत नाही हे कोपनं, म्हणजे प्रकाशनातली नीती ठरवणाऱ्या संस्थेनं, 2023 मध्येच स्पष्ट केलंय.

एकाच कामाचे तुकडे

पंचगंगेचं पाणी एकाच मोसमात, त्याच ठिकाणांवरून घेतलं, आणि पीएच नि ऑक्सिजनचा एक पेपर, जड धातूंचा दुसरा, बॅक्टेरियांचा तिसरा. प्रमोशनच्या फाईलला तीन दिसतात, पण वाचणाऱ्याला नदीचं काय झालंय ते एकाही पेपरमधून पूर्ण कळत नाही, आणि दुसऱ्या पेपरमध्ये पहिल्याचा उल्लेख केला नाही तर पुढं कुणी सगळे अभ्यास एकत्र केले की तो डेटा दोनदा मोजला जातो. खरंच वेगळा प्रश्न असेल तर वेगळा पेपर करा की, फक्त सॅम्पल तीच आहेत हे लिहा.

फोटोंचंही सांभाळा. 2016 मध्ये वीस हजारांवर बायोमेडिकल पेपर तपासले तेव्हा 3.8 टक्क्यांमध्ये फोटोंत गडबड सापडली होती. पूर्ण फोटोचा ब्राइटनेस सारखा वाढवला तर चालतं, जेलच्या फोटोतली एकच पट्टी पुसली तर चालत नाही. मूळ फाइल मशीनमधून आली तशी वेगळ्या ठिकाणी ठेवा, एडिटर मागू शकतो.

माणसांवर, जनावरांवर काम असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी सुरुवात करायच्या आधी. चप्पल कारागिरांच्या घरी जाऊन तब्येतीचे प्रश्न विचारायचे असतील तर संमतीचा कागद मराठीत हवा, त्यांना समजेल असा. काम झाल्यावर मागची तारीख टाकून परवानगी आणणं हा खोटेपणाच आहे, त्याला दुसरं नाव नाही.

रिव्ह्यूअरला उत्तर देताना

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. कमेंट आल्या की पोरं खचतात, नाहीतर चिडतात, नाहीतर सगळ्याला "थँक यू, करेक्टेड" असं एकच उत्तर लिहून पाठवतात. आमच्याकडं एकीचा गुळावरचा पेपर होता, तिनं लिहिलं होतं, करवीर तालुक्यातून गुळाचे नमुने गोळा केले. रिव्ह्यूअरनं विचारलं: किती गुऱ्हाळं? ऊस लागणीचा (नवा लावलेला) का खोडवा (तोडणीनंतर परत फुटलेला)? रस साफ करायला भेंडी वापरली का हायड्रॉस ही केमिकल पावडर? नमुना रव्याच्या (गुळाच्या ढेपेच्या) मधून घेतला का कडेनं? ती म्हणाली, मॅडम हा माणूस मुद्दाम अडवतोय. मी म्हटलं, अगं, हा माणूस गूळ जाणतो, यानं तुझा पेपर तुझ्या गाईडपेक्षा बारकाईनं वाचलाय.

मग आम्ही उत्तर बसवलं. प्रत्येक कमेंट जशीच्या तशी वर, खाली उत्तर, आणि बदल कुठल्या पानावर कुठल्या ओळीत केलाय ते. गुऱ्हाळांची संख्या, तारखा, नमुना कुठून घेतला हे तिच्या वहीत होतं, ते मेथडमध्ये घातलं. भेंडी-हायड्रॉसची माहिती काही ठिकाणचीच होती, म्हणून तेवढ्याच नमुन्यांची तुलना वेगळी दाखवली. लागण का खोडवा हे तिनं लिहूनच ठेवलं नव्हतं. तिथं अंदाजानं भरावं असा मोह होतोच, पण आम्ही सरळ लिहिलं की ही नोंद केलेली नाही, आता मिळवता येत नाही, आणि म्हणून मर्यादांमध्ये तसं नमूद केलंय. रिव्ह्यूअरनं ते मान्य केलं.

रिव्ह्यूअर चुकीचा वाटला तर तसंही म्हणता येतं, पुरावा देऊन, नम्रपणे. आणि "माझे हे पाच पेपर साइट करा" असं म्हणत असेल आणि त्यांचा तुमच्या कामाशी संबंध नसेल तर एडिटरला वेगळा मेल करा.

रिव्ह्यूअरची नावं सुचवायला सांगितली तर त्यांच्या संस्थेच्या पेजवरचा मेल द्या. खोटे मेल काढून स्वतःच स्वतःचा रिव्ह्यू लिहिल्याचे प्रकार झालेत, बायोमेड सेंट्रलनं 2015 मध्ये 43 पेपर त्यापायी मागं घेतले. उद्या तुमच्याकडंच रिव्ह्यूला पेपर आला तर तो ग्रुपवर टाकायचा नाही, एआय टूलमध्ये अपलोड करायचा नाही, तो अजून दुसऱ्याचा खाजगी कागद आहे. ओळखीच्या माणसाचा असेल तर एडिटरला सांगून नकार द्या.

छापून आल्यावर चूक सापडली तर

गप्प बसू नका. आधी सहऑथरना कळवा, मग एडिटरला मेल करा: कुठला आकडा चुकला, कसा चुकला, दुरुस्त आकडा काय, आणि त्यामुळं निष्कर्ष बदलतो का नाही. निष्कर्ष टिकत असेल तर दुरुस्ती छापतात, टिकत नसेल तर पेपर मागं घेतात, आणि स्वतःहून प्रामाणिक चुकीसाठी मागं घेतला असं त्या नोटीसमध्ये लिहून मागता येतं. मेलला मूळ डेटाची फाइल जोडा, म्हणजे एडिटरला परत विचारावं लागत नाही.