बेटावरची झोपडी घेताना आधी वारा बघा

विदर्भातून अंदमानला निघणाऱ्यांनी एक गोष्ट घरूनच लक्षात घ्यावी: तिथली गरमी आपल्यासारखी नाही. चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, पण हवा कोरडी असते, म्हणून कूलर आणि वाळ्याच्या ताट्या काम करतात. स्वराज द्वीप, शहीद द्वीपावर पारा तिशीच्या आसपास, पण हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही. तिथे कूलरचा उपयोग नाही. आराम देतो तो वाहता वारा. म्हणून बांबूची झोपडी ठरवताना समोरासमोर खिडक्या आहेत का, जमिनीपासून उंच बांधली आहे का, आणि वीज गेल्यावर पंख्यासाठी जनरेटर किती वेळ चालतो, हे आगाऊ पैसे देण्याआधीच विचारा. खोलीतून समुद्र दिसतो की नाही, हे नंतरचं.

मच्छरदाणी घरचीच न्या आणि कडा गादीखाली नीट खोचा. वाळूतल्या बारीक माश्या चावल्या तर खाजवू नका, दमट हवेत जखम चिघळते. जाड टॉवेलऐवजी पातळ पंचा घ्या, निदान वाळतो तरी. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, टॉर्च जवळ ठेवा. आणि आपण कडुनिंबाखाली टाकतो तशी खाट नारळाखाली टाकू नका. वरून पडलेला नारळ जीवावर बेतू शकतो; लेकरांना हे आवर्जून सांगा.