फवारणीची बाटली भरण्याआधी

झाडावर कीड दिसली की हात आधी फवारणीच्या बाटलीकडे जातो. तो आवरा. कीड ओळखल्याशिवाय मारलेली फवारणी बहुतेकदा वायाच जाते. त्यासाठी एका डब्यात दहापट मोठं दाखवणारं भिंग, कोरा पांढरा कागद, इअरबड, ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, नीमतेल, सौम्य द्रवसाबण आणि पिवळे चिकट सापळे कायम भरलेले असू द्या.

तपासणी पानाच्या खालच्या बाजूने सुरू करा, कारण बहुतेक कीड तिथेच असते. पानांवर बारीक फिकट ठिपके पडले असतील तर पानाखाली कागद धरा आणि पानावर टिचकी मारा. पडलेली धूळ हळूहळू चालू लागली, तर तो लाल कोळी. त्याला आठ पाय असतात, तो कीटक नव्हेच. त्यामुळे साधी कीटकनाशकं त्याच्यावर फारशी चालत नाहीत, उलट त्याला खाणारे मित्रकिडे मात्र मरतात. कोरड्या, उबदार हवेत त्याची पिढी आठवडाभरात तयार होते. म्हणून पानं खालून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायची, आणि हे दर तीन-चार दिवसांनी करायचं.

देठाच्या बेचक्यात कापसासारखा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. इअरबड अल्कोहोलमध्ये बुडवून एकेक टिपून काढा. काम किचकट आहे, पण सुरुवातीला याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही. पानं चिकट लागली, खोडावर मुंग्यांची रांग दिसली, तर मावा, पिठ्या किंवा खवले कीड शोधा. मुंग्या त्यांच्या गोड स्रावासाठी येतात आणि त्यांची राखणही करतात. कुंडीभोवती चिलटं उडत असतील तर माती सतत ओली राहते आहे. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती सुकू द्या, मगच पाणी घाला.

नीमतेल वापरायचंच ठरलं तर लिटरभर पाण्याला ५ मिली, आधी थोड्या साबणात नीट घोळून. एका पानावर मारून दिवसभर थांबा. पान ठीक राहिलं तर संध्याकाळी फवारा, आणि अंड्यांतून निघणाऱ्या पिल्लांसाठी आठवड्याने पुन्हा. मावा भरलेल्या फांदीवर ठिपक्यांचे ढालकिडे किंवा त्यांच्या काळ्या काटेरी अळ्या दिसल्या तर मात्र बाटली खाली ठेवा. मावा त्या फस्त करतात.

हिरवळीसाठी खुरपी हवी. पिवळ्या पट्ट्यातलं गवत ओढल्यावर सतरंजीसारखं सुटून आलं तर मुळं हुमणीने खाल्लेली असू शकतात. फूटभर चौकोन तीन बाजूंनी कापून उलटा आणि इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या मोजा. एक-दोन निघाल्या तर चौकोन परत दाबून पाणी द्या, हिरवळ तेवढं सोसते. आठ-दहा निघाल्या तर किडींवर जगणारे सूत्रकृमी (अतिसूक्ष्म जंत) ओल्या मातीत सोडा, तेही ऊन उतरल्यावर.

नवं झाड आणलंत तर दोन-तीन आठवडे बाकीच्यांपासून लांब ठेवा. तारीख कुंडीवरच लिहा.