दातांचं मोठं काम करून घेताना या चुका टाळा

वहिनीचा पहिला ओवसा होता, म्हणजे नव्या सुनेनं गौरीपुढे सुपं ओवाळायचा आमच्या कोकणातला सण. गौरीला घर पाहुण्यांनी भरणार आणि आईच्या वरच्या पुढच्या दातांत दोन फटी. भाऊ मुंबईहून आठ दिवसांच्या रजेवर आला होता. त्यानं तालुक्याच्या गावी नेऊन तिला सहा दातांचा ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधारानं बसणारी जोडदातांची पट्टी, बसवून आणला. ओवसा थाटात झाला, आई फोटोत मनमोकळी हसली. शिमग्यात पालखी दारात आली तोवर तो ब्रिज आतल्या दातांसकट हलायला लागला होता.

घाई त्या दवाखान्याची झाली तशी आमचीही झाली. "सणाआधी होईल ना?" एवढा एकच प्रश्न आम्ही विचारला होता. त्यानंतर वर्षभर गुहागर-चिपळूण एसटीनं आईसोबत फेऱ्या मारताना जे कळलं, ते आधी कळलं असतं तर तिचे दोन दात वाचले असते. म्हणून हे लिहिते आहे.

दिसणाऱ्या दातांपासून सुरुवात

"दाढ दुखते? काढून टाक, मागची कुणाला दिसतेय!" ही आमच्या गावाकडची जुनी रीत. आईच्या दाढा अशाच एकेक करून गेल्या. मग ती पुढच्या दातांनी चावू लागली. सुळे आणि पुढचे दात घास तोडायला असतात, रगडायला नाहीत. दाढांचा आधार गेला की सगळा भार त्यांच्यावर येतो. ते झिजतात, पुढे झुकतात, त्यांच्यात फटी पडतात. जबडे जास्तच मिटायला लागतात, चेहऱ्याचा खालचा भाग बसका दिसतो, ओठांचे कोपरे चिरतात. आईचं यातलं सगळं झालं होतं आणि आम्ही ते वयावर ढकललं होतं.

चिपळूणच्या तज्ज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "आजी, कुठल्या बाजूनं चावता?" आई म्हणाली, "बाजूच नाय उरली." दोन फटी बुजवणं हे काम नव्हतंच. मागचा आधार उभा केल्याशिवाय पुढे काहीही बसवलं तरी ते सैल होणार होतं.

कुणाकडे जायचं, हे न विचारणं

एखादी कॅप (दातावरचं टोपण) किंवा साधा ब्रिज आपले नेहमीचे डेंटिस्ट उत्तम करतात. पण बरेच दात गेलेत, उरलेले झिजलेत, चावाच (वरखालच्या दातांची जुळणी) बिघडलाय, जुनं काम पुन्हा पुन्हा निघतंय, असं असेल तर प्रॉस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे कृत्रिम दात बसवण्यातले तज्ज्ञ, गाठा. बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीनंतर ३ वर्षांचं एमडीएस (पदव्युत्तर शिक्षण) त्यांनी याच विषयात केलेलं असतं. पाटीवर नुसतं 'एमडीएस' पाहून थांबू नका. हिरड्यांचे, वेड्यावाकड्या दातांचे, लहान मुलांच्या दातांचे डॉक्टरही एमडीएसच असतात. शाखा कोणती, हे सरळ विचारा. त्यात कुणाला वाईट वाटायचं कारण नाही.

आपल्याकडे कोकणात बरेचसे तज्ज्ञ ठरावीक वारी बाहेरून येतात. त्यात गैर काही नाही. पण मधल्या दिवसांत कॅप निघाली किंवा सूज आली तर कोण बघणार, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. खर्च झेपत नसेल तर दंत महाविद्यालयांत या कामाचा स्वतंत्र विभाग असतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडला महाविद्यालय आहे. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय आणि नायर रुग्णालयाचं आहे. सिंधुदुर्गातल्यांना बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज जवळ पडतं. तिथे फेऱ्या जास्त होतात, पैसे कमी लागतात.

आराखडा न बघता दात तासू देणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कॅपसाठी दात तासला की त्याचं वरचं कवच कायमचं गेलं, ते परत येत नाही. म्हणून मशीन सुरू होण्याआधी संपूर्ण तोंडाचा आराखडा मागा. कोणते दात राहणार, कोणते जाणार, हिरड्यांचे उपचार आधी की नंतर, कुठे इम्प्लांट (हाडात रोवलेल्या स्क्रूवरचा दात), कुठे ब्रिज, कुठे काढता-घालता येणारी कवळी, प्रत्येक टप्प्याला किती दिवस आणि किती पैसे, हे कागदावर हवं.

मोठ्या कामात डॉक्टर आधी दोन्ही जबड्यांची मापं घेऊन प्लास्टरचे साचे करतात आणि त्यावर मेणाचे नवे दात घडवतात. मग त्याबरहुकूम तात्पुरते दात लावून काही आठवडे, कधी काही महिने वापरून बघायला सांगतात. आम्हाला आधी वाटलं, उगाच लांबण लावतायत. पण आईचा 'स' तात्पुरत्या दातांमध्ये शीळ घातल्यासारखा येत होता, आणि संध्याकाळी जबडा अवघडायचा. ते सगळं तिथेच दुरुस्त झालं. पक्क्या सिरॅमिकमध्ये ते एवढं सहज झालं नसतं. तात्पुरत्या दातांनी भाकरी खाऊन बघा, फोनवर बोलून बघा, आरशात बघा आणि खटकेल ते भीड न बाळगता सांगा.

रजेत उपचार कोंबणं

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड त्याला जुळून येतं, हे ओळखून स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. हे जुळणं साधारण ३ ते ६ महिने घेतं. काही निवडक रुग्णांना लगेच दात देता येतात, पण ते डॉक्टरनं ठरवायचं, आपल्या रेल्वेच्या तिकिटानं नाही. उलट बाजूनं रेंगाळणंही वाईट. दात काढल्यावर तिथलं हाड आकसतं. दाढेच्या जागी पहिल्या वर्षात रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते. म्हणून काढतानाच 'इथे पुढे काय?' हे विचारून ठेवा.

चाकरमान्यांनी सणाच्या रजेत तपासणी, एक्स-रे आणि आराखडा उरकावा. पुढच्या फेऱ्या गावातलं कुणीतरी सांभाळतं. पावसाळ्यात गाड्यांचं वेळापत्रक बदलतं, घाट बंद पडतात. शस्त्रक्रियेनंतर टाके काढायची तारीख ठरवताना हेही बघून घ्या.

मिशरी लपवणं

आईनं सुरुवातीला मिशरीचं नावच काढलं नाही. तंबाखूनं हिरड्यांचा रक्तपुरवठा मंदावतो, जखम उशिरा भरते, इम्प्लांट फसण्याची शक्यता वाढते. सवय सोडवणं हा आमच्या घरातला सगळ्यात अवघड टप्पा होता. दातांपेक्षा जास्त श्रम त्यालाच लागले.

सुपारीचंही तसंच. बागायतदाराच्या घरी ती दिवसभर तोंडात असते. त्यानं दात झिजतातच, शिवाय गालांची आतली कातडी ताठर होऊन तोंड उघडणं कमी होतं. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील तर ते आधी दाखवा. मग मापं घेणंही कठीण होतं, आणि तो आजार पुढे कर्करोगाकडे वळू शकतो.

साखरेचा तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट (एचबीए१सी) सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, पण मनानं बंद करू नका. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून सहामाही किंवा वार्षिक इंजेक्शन घेत असाल तर तेही सांगा. दात काढण्याआधी हे कळणं फार महत्त्वाचं आहे.

बसवल्यानंतर

नवी कॅप चावताना बाकीच्या दातांआधी लागते असं वाटलं तर 'सवय होईल' म्हणून महिनाभर थांबू नका, दोन-तीन दिवसांत डॉक्टरांकडे जाऊन ती घासून घ्या. कॅप निघाली तर डबीत ठेवून घेऊन जा. फेव्हिक्विकनं चिकटवू नका, आमच्या शेजाऱ्यांनी तसं केलं आणि आतला दात कुजल्याचं कळेपर्यंत उशीर झाला. ब्रिजखालून वास येत असेल तर खाली अन्न साठतंय किंवा सिमेंट सुटलंय. त्याखालून फिरवायचा बारीक ब्रश मागून घ्या आणि तपासूनही घ्या. इम्प्लांटवरचा दात डुगडुगला तर बरेचदा वरचा स्क्रूच सैल झालेला असतो, पण हे डॉक्टरनंच ठरवायचं. तोवर त्या बाजूनं चावू नका.

कवळी टोचत असेल तर कानशीनं घरी घासू नका. दाखवायला जाण्याआधी काही तास ती घालून ठेवा, म्हणजे नेमकी लाल झालेली जागा डॉक्टरांना दिसते. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा, उकळत्या पाण्यात वाकते.

आईला आता खाली मागे दोन्हीकडे इम्प्लांट आहेत. वर उरलेल्या सुळ्यांवर कॅप आहेत आणि त्यांना धरून बसणारी कवळी आहे. इम्प्लांटच्या पाकिटावरचं कंपनी आणि मापाचं स्टिकर मागून घ्या. उद्या स्क्रू बदलायची वेळ आली आणि डॉक्टर दुसरे असले तर पहिल्यांदा तेच लागतं. आईचं ते एक्स-रेंसोबत रेशनकार्डाच्या पिशवीत आहे.