वाढत्या मापाचं नको: ठाणे-नवी मुंबईतल्या मुलाला आइस हॉकीसाठी तयार करताना

ठाणे-नवी मुंबईत आइस हॉकीचा पूर्ण मापाचा, म्हणजे साधारण ६० बाय ३० मीटरचा, बर्फाचा रिंक, म्हणजे स्केटिंगचं मैदान, नाही. मॉलमधल्या स्नो पार्कात भुसभुशीत बर्फ पसरलेला असतो, त्यावर ब्लेड चालत नाही. तरी पाच-सहा वर्षांच्या मुलाची बरीचशी तयारी इथेच होते. सुरुवातीला सगळा खेळ पायांचा असतो आणि पाय इनलाइन, म्हणजे एका ओळीत चाकं असलेल्या, स्केट्सवर, सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमधल्या ट्रिमिक्सच्या काँक्रीटवरही घडतात. बर्फावर शिकायला उरतात त्या मोजक्याच गोष्टी. पैसे कुठे घालायचे आणि कुठे हात आखडायचा, एवढं मात्र आधी ठरवावं लागतं.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते एका सवयीपायी. शाळेचा गणवेश दोन बोटं मोठा शिवायचा, तसं हेही 'वाढत्या मापाचं' घेतलं जातं. हॉकीच्या किटमध्ये हे चालत नाही. मोठ्या स्केटमध्ये टाच वर उचलली जाते, घोटा आत मुडपतो आणि मग घरचे म्हणतात, पोराचे घोटेच कमजोर आहेत. घोटे ठीक असतात, बूट मोठा असतो.

स्केट्स: माप आणि निवड

माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. पातळ मोजा घालून मुलाला भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं करा, वजन दोन्ही पायांवर. सर्वात लांब बोटापाशी खूण करून मिलिमीटरमध्ये मोजा. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचं माप धरा. दुकानात स्केटमधला आतला सोल बाहेर काढून मुलाला त्यावर उभं करा. बोटांपुढे पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त जागा दिसली तर एक नंबर खाली या. स्केट घातल्यावर ताठ उभं राहताना बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की टाच मागे सरकून बोटं मोकळी झाली पाहिजेत. लेस न बांधता पाय पूर्ण पुढे सरकवल्यावर टाचेमागे तुमची करंगळी जाते इतपत ठीक. दोन बोटं गेली तर तो स्केट परत ठेवा. आइस हॉकीच्या स्केटचा नंबर रोजच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीड नंबर कमी असतो. म्हणून ऑनलाइन मागवताना बुटाचा नंबर टाकू नका, कंपनीच्या तक्त्यात मिलिमीटर बघा.

आता प्रकार. आपल्याकडचे बरेच क्लास बुटावर बांधायच्या क्वाडवर, म्हणजे दोन पुढे-दोन मागे चाकांच्या स्केट्सवर, सुरुवात करून घेतात. तोल यायला ते पुरतात. पुढे क्लासवाले मुलाला रेसिंगच्या इनलाइनवर नेतात: बूट घोट्याखाली संपणारा, चाकं ९० ते ११० मिलिमीटरची. वेगासाठी ते उत्तम, हॉकीसाठी निरुपयोगी, कारण हॉकीत अर्धा वेळ वळण्यात आणि थांबण्यात जातो. तुम्हाला हवा घोट्याच्या वर येणारा, लेसचा, चार चाकांचा इनलाइन स्केट. लहान मापात ६८ ते ७६ मिलिमीटरची चाकं येतात. घोट्याच्या दोन्ही बाजू अंगठा आणि बोटाने दाबून बघा. त्या सहज एकमेकींना टेकल्या तर बूट मऊ आहे. लांबी वाढवता येणारे ॲडजस्टेबल स्केट्स पहिले काही महिने चालतील, पण त्यांनाही हीच परीक्षा लावा.

चाकांचा कडकपणा आकड्यानंतर 'ए' लिहून देतात. खरखरीत ट्रिमिक्स किंवा डांबरी रस्त्याला ८२ए ते ८५ए, गुळगुळीत इनडोअर कोर्टला ७४ए ते ७८ए. मऊ चाकं डांबरावर खोडरबरासारखी झिजतात. पेव्हर ब्लॉकवर शिकवूच नका. फटीत चाक अडकलं की मूल थेट तोंडावर.

लेस बांधताना बोटांपाशी सैलसर, मधे पावलावर घट्ट, वर घोट्याभोवती पक्की. उरलेली लेस घोट्याला गुंडाळायची पद्धत सर्रास दिसते, ती सोडा. तिने पाय पुढे वाकत नाही आणि कातडी काचते.

हेल्मेट आधी, बाकीचं नंतर

एकदम सगळं किट घ्यायची गरज नाही. चाकांवरचं पहिलं वर्ष हेल्मेट, गुडघ्या-कोपराचे पॅड आणि मनगटाचे गार्ड एवढ्यावर निघतं. हेल्मेट मात्र पहिल्यापासून हॉकीचंच, जाळीसकट घ्या, कारण तेच पुढे बर्फावरही चालतं. घरातलं क्रिकेटचं हेल्मेट चालणार नाही. ते समोरून येणाऱ्या चेंडूसाठी असतं. स्केटिंगमध्ये मूल मागे पडतं आणि डोक्याची मागची बाजू आपटते. हेल्मेटवर एचईसीसी (अमेरिका) किंवा सीएसए (कॅनडा) या सुरक्षा तपासणाऱ्या संस्थांचं स्टिकर बघा. एचईसीसीची मुदत बनवल्याच्या तारखेपासून साडेसहा वर्षं असते, तेव्हा कुणाच्या दादाचं वापरलेलं घेताना आधी ती तारीख वाचा. हेल्मेटची कड भुवईच्या एक बोट वर, पट्ट्याखाली एकच बोट जाईल इतका ताण, हनुवटी जाळीच्या कपात टेकलेली. डोकं जोरात हलवलं तरी हेल्मेट स्वतंत्रपणे हलता कामा नये.

बर्फावर जायचं ठरलं की पुढचं किट लागतं: दातांचा गार्ड, गळ्याचा गार्ड, शोल्डर पॅड, एल्बो पॅड, ग्लोव्हज, कमरेची जाड हॉकी पँट, नडगीचे शिन गार्ड, मुलग्यांना जांघेचा कप आणि मुलींना त्यांचा वेगळा गार्ड. गळ्याच्या गार्डवर काटकसर करू नका. ब्लेडने गळा कापण्याचा धोका खरा आहे. २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या सामन्यात एका व्यावसायिक खेळाडूचा त्यातच मृत्यू झाला आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या सर्व स्पर्धांत हा गार्ड सक्तीचा केला.

इथे मापाचा नियम एकच: मधे उघडं अंग दिसता कामा नये. शिन गार्डची वाटी बरोबर गुडघ्याच्या वाटीवर बसली पाहिजे. मोठा घेतला की वाटी वर सरकते आणि पडल्यावर गुडघा उघडाच आपटतो. हॉकी पँट त्या वाटीच्या वरच्या कडेवर यावी. एल्बो पॅडचं एक टोक शोल्डर पॅडला आणि दुसरं ग्लोव्हजच्या कडेला भिडलं पाहिजे.

घालायचा क्रमही ठरलेला आहे, तो चुकला की पुन्हा सगळं उतरवावं लागतं. आधी पातळ आतले कपडे आणि कप, मग शिन गार्ड, त्यावर लांब मोजे, मग पँट, मग स्केट्स. त्यानंतर शोल्डर पॅड, एल्बो पॅड, गळ्याचा गार्ड, जर्सी, हेल्मेट, शेवटी ग्लोव्हज. स्केट्स शोल्डर पॅडच्या आधी, कारण जाड छाती घेऊन लहान मुलाला पायाशी वाकता येत नाही. शूला कुठे जायचं ते पँट चढवण्याआधी.

पाय कसे घडवायचे

आठवड्यातून तीनदा, तीस ते चाळीस मिनिटं. पार्किंग दुपारी रिकामं असतं. गाड्या यायच्या आत आटपा आणि फरशीवर तेलाचा डाग नाही ना बघा.

पहिला धडा पडण्याचा, तोही कोरड्या गवतावर किंवा जाड सतरंजीवर, स्केट्स घालून. गुडघे वाकवून पुढे आणि बाजूला पडायचं, मागे नाही. पडलं की हात अंगाशी, मुठी बंद. चाकांवर हे उगाच वाटेल, पण बर्फावर पसरलेल्या बोटांवरून दुसऱ्याचं ब्लेड जाऊ शकतं, म्हणून सवय आत्ताच लावायची. उठताना एक पाय पुढे, दोन्ही हात त्या गुडघ्यावर, आणि वर. तुम्ही हात धरून उठवू नका. दहा वेळा पडून स्वतः उठल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मग उभं राहणं. टाचा जवळ, पंजे बाहेर, गुडघे इतके वाकलेले की वरून बघितलं तर बुटाची टोकं दिसू नयेत. बदकासारखं चालणं, चालता चालता दोन पायांवर घसरत जाणं, मग पाय बाहेर पसरवून परत आत आणत जमिनीवर माशाचा आकार काढणं. या शेवटच्या व्यायामाला सगळ्यात जास्त वेळ द्या. पायाची आतली आणि बाहेरची कड यानेच कळते. पुढे एका पायावर घसरणं, दोन्ही बाजूंची वळणं, मागे जाणं. बहुतेक मुलं उजवीकडे किंवा डावीकडे एकाच बाजूला छान वळतात आणि मोठी माणसं टाळ्या वाजवतात. कच्च्या बाजूला दुप्पट वेळ द्या.

काय बिघडतं? मूल ताठ उभं राहतं, कारण तुम्ही वरून त्याचे हात धरलेले असतात. समोर उकिडवे बसून बोला, गुडघे आपोआप वाकतील. दुसरं म्हणजे प्रत्येक पाऊल मागे ढकलणं. जोर बाजूला लावायचा असतो.

स्टिक

स्टिक एका पायावर घसरता यायला लागल्यावरच हातात द्या. आधी दिली की तिचा आधाराची काठी म्हणून उपयोग होतो आणि पाठ वाकते ती वाकतेच. मैदानी हॉकीची स्टिक फक्त उजव्या हाताची असते, इथे डावी-उजवी दोन्ही मिळतात. मुलाला लांब दांड्याचा खराटा देऊन अंगण झाडायला सांगा. चार-पाच वेळा कुठला हात खाली राहतो ते बघा आणि त्या बाजूची स्टिक घ्या. स्केट्स घालून उभं राहिल्यावर लांबी हनुवटीपर्यंत, अनवाणी असताना नाकापर्यंत. फ्लेक्सचा, म्हणजे स्टिक किती ताठ आहे त्याचा, आकडा मुलाच्या पौंडातल्या वजनाच्या साधारण निम्मा. २० किलोच्या, म्हणजे ४४ पौंडाच्या मुलाला २० च्या आसपासची. मोठी स्टिक कापली की ती ताठर होते, वाकत नाही. वरच्या टोकाला टेपची गाठ बांधा, म्हणजे ते टोक पोटात घुसत नाही.

ट्रिमिक्सवर स्टिकचं पातं भराभर झिजतं. प्लायवूडच्या दुकानातून चकचकीत सनमायकाचा आठ बाय चार फुटांचा पत्रा आणा, कडा टेपने जमिनीला चिकटवा आणि घरीच पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, फिरवू द्या. मोठ्यांचा पक सहा औंसाचा, म्हणजे १७० ग्रॅमचा. लहानांसाठी चार औंसाचा निळा येतो, सुमारे ११३ ग्रॅमचा. जड पकने मूल मनगट वापरायचं सोडून खांद्याने ढकलायला लागतं. अंगाला अंग भिडवून धक्का मारणं या वयात शिकवायचं नाही. अमेरिकेतही मुलांच्या खेळात तेरा वर्षांखाली त्यावर बंदी आहे.

पावसाळा

जून ते सप्टेंबर इथली हवाच किटची वैरी. घामाने भिजलेले पॅड पिशवीत राहिले की दोन दिवसांत बुरशी. रोज पंख्याखाली वाळत घाला, ग्लोव्हज तोंड वर करून. ओल्या फरशीवर चाकं धरत नाहीत आणि पाणी बेअरिंगमध्ये जाऊन गंज चढतो. भिजलंच तर ॲलन कीने चाकं काढा, बेअरिंग पुसून वाळवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. गंज सोडवायचा फवारा वंगण म्हणून टिकत नाही. चाकं महिन्यातून एकदा बदलून बसवा: पहिलं तिसऱ्याच्या जागी, दुसरं चौथ्याच्या, आतली बाजू बाहेर.

बर्फावर पहिल्यांदा

शिमल्याचा रिंक १९२० पासूनचा, नैसर्गिक बर्फाचा, हिवाळ्यापुरता. डेहराडूनला बंदिस्त हिमाद्री रिंक आहे. खेळाचं खरं घर लडाख. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे, म्हणून उतरल्यावर निदान दोन दिवस मुलाला स्केट्स घालू देऊ नका. तिथे पाय गारठतात म्हणून दोन लोकरी मोजे चढवू नका. बूट आवळतो, रक्त फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. एकच पातळ मोजा, सुती नको, आणि मधे मधे लेस सैल करा.

नवे ब्लेड धार नसलेले येतात. त्यांना लांबीभर खोबण पाडून दोन कडा काढतात; अर्धा इंच त्रिज्येची खोबण सर्वसाधारण, हलक्या मुलाला आणि कडक गार बर्फाला एक सेंटिमीटरपेक्षा थोडी कमी, म्हणजे ३/८ इंचाची. सायकलवर येणाऱ्या धारवाल्याकडे हे देऊ नका. तो खोबण सपाट करून ठेवील आणि ब्लेड कायमचं जाईल. विकणाऱ्याकडूनच किंवा रिंकवर लावून घ्या.

चाकांवर शिकलेलं मूल बर्फावर दहा मिनिटांत पुढे जायला लागतं, अडतं ते थांबताना. चाक आडवं सरकत नाही, ब्लेड सरकतं. चाकांची सवय असलेलं मूल मागचा पाय घासत थांबतं, त्याने धार जाते. आधी दोन्ही पंजे आत वळवून बर्फ खरवडायला लावा, मग एका पायाने, मग दोन्ही पाय आडवे करून. ब्लेड पुढे-मागे थोडं गोल असतं, त्यामुळे वजन टाचेवर गेलं की मूल मागे पडतं.

उतरल्या उतरल्या ब्लेड कोरड्या फडक्याने पुसा आणि कापडी कव्हर चढवा. प्लॅस्टिकचे कडक गार्ड फक्त चालण्यापुरते. त्यात ठेवलेलं ओलं ब्लेड ठाण्याच्या दमट हवेत आठवड्याभरात तांबडं होतं.