नोटीस रद्द झाली म्हणजे शिसं नव्हतं, असं नाही

न्यू यॉर्कमध्ये पब्लिक हेल्थ शिकायला येणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी लिहितेय. माझी पहिली इंटर्नशिप भाडेकरूंच्या एका संघटनेत होती. एचपीडी, म्हणजे शहराचं गृहनिर्माण खातं, शिशाच्या रंगाबद्दल घरमालकांना नोटिसा काढतं. त्या नोंदी सगळ्यांना पाहता येतात. मालकांच्या हरकतींचं पुढे काय झालं, हे त्यांतून काढायचं काम माझ्याकडे होतं.

आधी कायदा समजून घ्या. १९६० पूर्वीची भाड्याची इमारत, घरात सहा वर्षांखालचं मूल आणि रंगाचे पोपडे निघालेले, एवढं असलं की २००४ चा लोकल लॉ १ त्या रंगात शिसं आहे असंच धरून चालतो. नाही हे दाखवायचं काम मालकाचं. नोंदीत नोटिशीचा क्रमांक ६१६ दिसला तर शिसं गृहीत धरलंय, ६१७ दिसला तर यंत्राने तपासून सापडलंय. २०२० पासून आजीकडे आठवड्याला १० तास येणारं नातवंडही 'राहणारं मूल' धरतात. हे मला फार योग्य वाटतं.

माझी चूक सांगते. हरकत मान्य होऊन रद्द झालेल्या नोटिसा मी सरसकट एका रकान्यात टाकल्या आणि वर लिहिलं, 'शिसं नाही'. सीनियर सहकारी एवढंच म्हणाली, "तपासणी कधीची आहे ते बघ." १ डिसेंबर २०२१ ला रंगातल्या शिशाची मर्यादा चौरस सेंटिमीटरमागे १ मिलिग्रॅमवरून ०.५ वर आली. म्हणजे ०.७ चा रंग आदल्या दिवशी पास आणि दुसऱ्या दिवशी नापास. भिंत तीच. मी सगळ्या नोंदी पुन्हा उघडल्या. त्यात दोन आठवडे गेले.

म्हणून निकालाच्या शब्दावर थांबू नका. तपासणीची तारीख, खोली आणि यंत्राचा आकडा, तिन्ही लिहून घ्या.

आणि एकदा तरी प्रत्यक्ष घरात जा. मी शहराच्या ब्राँक्स भागात गेले होते. तपासनिसाने पिस्तुलासारखं यंत्र खिडकीच्या चौकटीला काही सेकंद टेकवलं, आकडा आला. मी मात्र खालच्या खाचेकडे बघत होते. खिडकी वरखाली करताना लाकूड लाकडावर घासून रंगाची बारीक भुकटी तिथे साचली होती. दीड वर्षाची मुलगी खाट धरून उभी राहायची, हात थेट त्या खाचेत, मग तोंडात. आई दिवसातून दोनदा ओल्या फडक्याने पुसायची. शिशाने मेंदूचं होणारं नुकसान भरून येत नाही, म्हणून इथे एकेक दिवस महत्त्वाचा.

नोटिशीनंतर दुरुस्तीला मालकाला २१ दिवस असतात, मुदतवाढही मागता येते. त्यामुळे माझ्या तक्त्यात मी आणखी एक रकाना घातला: नोटीस निघाल्यापासून खिडकी दुरुस्त होईपर्यंतचे दिवस. तुमच्याही तक्त्यात तो असू द्या. फक्त अहवालात कुठल्याही कुटुंबाचा पत्ता येऊ देऊ नका.