संध्याकाळी बीळ बुजवा, सकाळी मोजा: परड्यातल्या घुशी-उंदरांसाठी कापणीच्या दिवसांतला सल्ला

हळवं भात कापून उडवीत, म्हणजे पेंढ्यांच्या राशीत गेलं, निमगरवं कापणीला आलं, गरव्याला अजून पंधरा-वीस दिवस आहेत. कोकणात ज्यांच्या घरामागे परडं आहे त्यांनी हे पंधरा-वीस दिवस घुशी-उंदरांसाठी राखून ठेवावेत. बाकीची कामं चार दिवस मागे पडली तरी चालतील, हे चालणार नाही. शेतातलं पाणी ओसरलं आहे, मेरी, म्हणजे शेताचे बांध, कोरड्या होत आल्या आहेत आणि लोंबीवर पोसलेल्या माद्या त्याच मेरींत विताहेत. मादी तीन आठवड्यांत विते, एका वेताला सहा-आठ पिल्लं होतात. शेतातली शेवटची पेंढी उचलली की आठवड्याभरात हा सगळा गोतावळा तुमच्या परड्यात येतो. रताळी, कणगर, भुईमूग, यंदा लावलेली माडाची रोपं, मग खळ्यातली उडवी आणि शेवटी घराचा माळा.

आता जी चूक मी दरवर्षी बघतो ती सांगतो. सकाळी परड्यात गेल्यावर रताळ्याचा वेल सुकलेला दिसतो, ओढला की मुळासकट हातात येतो. माणूस तसाच बाजारात जातो, दुकानदार देईल ते औषध आणतो आणि दिसेल त्या भोकात टाकतो. चार दिवसांनी दुसरा वेल सुकतो. मग 'याहून जालीम' म्हणून दुसरं औषध. या सगळ्यात एक काम कोणीच केलेलं नसतं: बिळं बुजवून, त्यातली कुठली जिवंत आहेत ते बघणं.

एका शेजाऱ्याच्या परड्यात चिऱ्याच्या गडग्याकडेला आम्ही दोघांनी मिळून एकेचाळीस बिळं मोजली होती. त्याने त्याआधी सगळ्यांत औषध घातलं होतं, दोनदा. आम्ही संध्याकाळी सगळी बिळं ओल्या मातीने बुजवली. सकाळी उघडलेली होती फक्त सात. म्हणजे चौतीस बिळांत घातलेलं औषध वाया गेलं होतं, आणि ज्या सातांत उंदीर होते त्यांनी ते चाखून, पोट दुखल्यावर ओळखून ठेवलं होतं. त्या वर्षी त्याच्या घरात रताळं आलं नाही.

म्हणून पहिलं काम हेच. सूर्य मावळायच्या सुमारास परड्यात, मेरेवर, गडग्याच्या बुडाशी, शेणखताच्या ढिगाभोवती, मोरीच्या पाण्याच्या चराकडेला जेवढी तोंडं दिसतील तेवढी ओल्या मातीने घट्ट बुजवा. प्रत्येकाशेजारी एक काठी रोवा. सकाळी उजाडताच फेरी मारा. जे उघडलं ते जिवंत. तेवढ्याच काठ्या ठेवा, बाकीच्या उपटून घ्या.

यात एक खुबी आहे आणि ती न कळल्यामुळे बुजवणारेही फसतात. शेतातला काळा उंदीर, म्हणजे घुशीचाच धाकटा भाऊ, आपल्या बिळाचं तोंड स्वतःच मातीने बंद करून आत बसतो. बाहेर दिसतो तो फक्त भुसभुशीत मातीचा ढीग. हे बुजलेलंच आहे असं समजून माणूस पुढे जातो, आणि नेमका तोच सगळ्यात मोठा चोर असतो: आत कोठीत लोंब्या साठवून ठेवलेल्या असतात. तेव्हा असे ढीग संध्याकाळी पायाने सपाट करा. सकाळी तिथे ताजी, ओलसर माती वर आलेली दिसली तर बीळ जिवंत.

मोबाइलवर हे मातीचे ढीग बघून पुष्कळ जण विचारतात की हा परदेशातल्या बागेतला 'मोल' आहे का. नाही. जमिनीखाली राहून गांडुळं खाणारा तो प्राणी भारतात ईशान्येकडे आणि पूर्व हिमालयात आहे, आपल्याकडे नाही. त्यासाठी विकली जाणारी जमिनीत रोवायची सौरऊर्जेवरची थरथरणारी खुंटी आणि एरंडेलाचे दाणे यांच्यावर आपल्या घुशीसाठी पैसे घालू नका. आवाजाने उंदीर पळवणारी विजेवरची यंत्रंही तशीच. तो आवाज भिंतीपलीकडेही जात नाही, मग जमिनीखाली कुठून जाणार?

दुसरी गल्लत चिचुंद्रीची. लांब सोंडेची, उग्र वासाची, भिंतीकडेने चुकचुक करत जाणारी चिचुंद्री किडे, झुरळं, गोगलगाई खाते. तुमच्या रताळ्याला ती तोंड लावत नाही. तिला मारू नका. आणि तिसरी गल्लत खेकड्याची. मेरेवरचं गोल भोक, तोंडाशी चिखलाच्या ओल्या गोळ्या, आत पाणी: ते मुठ्याचं, कुर्लीचं बीळ आहे. त्यात विष घालणारे मी पाहिले आहेत, आणि त्याच मेरेवर कुर्ल्या धरायला आलेली पोरंही. कृपा करून बीळ ओळखल्याशिवाय त्यात काही घालू नका.

बीळ ओळखण्याच्या खुणा थोडक्यात:

- मूठ सहज आत जाईल असं मोठं तोंड, घर, गोठा, उकिरडा यांच्या जवळ: घूस.
- लहान तोंड, बाहेर ताज्या मातीचा ढीग, मेरेवर किंवा वाफ्यात: काळा उंदीर.
- माडावर देठाजवळ कुरतडलेली कोवळी फळं खाली पडलेली: झाडावर राहणारा घरचा उंदीर. याला जमिनीवरच्या औषधाचा उपयोग नाही.

आता औषधं. परड्यासाठी माझी पहिली पसंती पिंजऱ्याला, दुसरी ब्रोमॅडिओलोनला. झिंक फॉस्फाइड परड्यात आणू नये या मताचा मी आहे, कारण त्यावर उतारा नाही आणि घराभोवती कोंबडी, मांजर, कुत्रं, लहान मूल फिरत असतं. शेताच्या मेरेवर ते वापरायचंच असेल तर पद्धत अशी:

- पहिला दिवस: बिळं बुजवा.
- दुसरा दिवस: उघडलेल्या प्रत्येक बिळात 20 ग्रॅम बिनविषारी आमिष. 98 भाग कणी किंवा भरड धान्य, 2 भाग गोडं तेल.
- चौथा दिवस: विषारी आमिष, प्रत्येक बिळात 10 ग्रॅम, कागदाच्या पुडीत, खोल सारून. 96 भाग धान्य, 2 भाग तेल, 2 भाग झिंक फॉस्फाइड. म्हणजे 1 किलोला 960 ग्रॅम कणी, 20 ग्रॅम तेल, 20 ग्रॅम औषध.
- पाचवा दिवस: मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा, उरलेलं आमिष गोळा करून पुरा, बिळं पुन्हा बुजवा.
- काठीने ढवळा, हाताने नाही. भांडं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

दुसऱ्या दिवसाचं बिनविषारी आमिष गाळणारेच जास्त भेटतात. उंदीर नवी वस्तू बघितली की आधी चिमूटभर खाऊन बघतो. त्याला आधी दोन दिवस साध्या आमिषाची चटक लागली नसेल तर तो विष चाखून सोडतो आणि पुढे कित्येक आठवडे त्या वासाला शिवत नाही. म्हणूनच झिंक फॉस्फाइड एका हंगामात दुसऱ्यांदा वापरू नका. जगलेल्यांसाठी ब्रोमॅडिओलोन.

ब्रोमॅडिओलोनच्या 0.005 टक्के तयार वड्या मिळतात. त्यात बिनविषारी आमिषाची गरज नाही, कारण उंदीर तीन-चार दिवसांनंतर, रक्त न गोठल्यामुळे मरतो आणि त्याचा संबंध खाण्याशी जोडत नाही. 0.25 टक्के भुकटी मिळाली तर घरी करायचं प्रमाण: 47 भाग धान्य, 1 भाग भुकटी, 1 भाग साखर, 1 भाग तेल. एका जिवंत बिळात 15 ग्रॅम. चुकून कोणाच्या पोटात गेलं तर पाकीट घेऊन तडक दवाखान्यात जा, याला व्हिटॅमिन के-1 हा उतारा आहे.

इथे हिशेब करून बघा. परड्यात सात जिवंत बिळं असतील तर 105 ग्रॅम आमिष लागतं, म्हणजे जेमतेम दोन-अडीच ग्रॅम भुकटी. काठ्या न रोवता बाजारात गेलात तर तुम्हाला अर्धा-एक किलोची पाकिटं दिली जातील आणि तुम्ही ती घ्याल, कारण किती बिळं आहेत हे तुम्हालाच माहीत नसेल. कुठल्याही दुकानात जाण्याआधी आकडा तोंडात तयार ठेवा.

दोन गोष्टी घरात आणूच नका. एक, ट्यूबमधली पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट. तिच्यावर उतारा नाही, आणि बिस्किटाला लावून ठेवलेली पेस्ट पोरांनी खाल्ल्याच्या घटना दर वर्षी ऐकू येतात. दुसरी, अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. त्या सामान्य माणसाला विकायला कायद्याने बंदी आहे, तरी 'बिळात टाक, सकाळी मोकळा' म्हणत हातात ठेवणारे भेटतात. ओल लागली की त्यातून विषारी वायू सुटतो. गडग्याखालचं बीळ कुठल्या फटीतून घराच्या जोत्याखाली गेलं आहे हे तुम्हाला वरून दिसत नाही. त्या घरात रात्री माणसं झोपलेली असतात.

पिंजऱ्याबद्दल माझा अनुभव सांगतो, शास्त्र म्हणून नव्हे. नवा पिंजरा गरम पाण्याने धुऊन दोन दिवस चुलीच्या धुरात टांगावा. पहिले तीन दिवस दार बांधून ठेवून आत भाजलेलं सुकं खोबरं किंवा सुकट ठेवावी, चौथ्या दिवशी दार सोडावं. भिंतीला किंवा गडग्याला समांतर, येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवावा. अमावास्येच्या आसपासच्या अंधाऱ्या रात्री जास्त उंदीर सापडतात असं मला दरवर्षी वाटत आलं आहे. बुजवलेल्या मेल्या बिळांत करवंदीच्या काटेरी फांद्या ठोसून वर माती दाबली तर ती पुन्हा लवकर उकरली जात नाहीत, हेही माझ्या परड्यातलं. गिरिपुष्पाला आपण उंदीरमारी म्हणतो, तिचा पाला बिळात घालणारी जुनी माणसं होती. मी घालून बघितला, फरक सांगता येईल असा दिसला नाही. हिरवळीचं खत म्हणून ती मेरेवर जरूर लावा.

माडासाठी वेगळं काम आहे. खोडाला जमिनीपासून सुमारे 2 मीटर उंचीवर 40 सेंटिमीटर रुंदीचा गुळगुळीत पत्रा गोल मारावा. शेजारच्या झाडाची झावळ टेकत असेल तर पत्र्याचा उपयोग शून्य, आधी ती झावळ काढा. फार उपद्रव असेल तर कासरगोडच्या, माडावर संशोधन करणाऱ्या केंद्रीय संस्थेची शिफारस अशी: दर पाच माडांमागे एका माडाच्या शेंड्यात ब्रोमॅडिओलोनची 10 ग्रॅम वडी, बारा दिवसांनी पुन्हा एकदा.

बाकीची नेहमीची कामं:

- मेरी बारीक ठेवा, फूटभर उंची-रुंदी पुरे. गवत बेणून काढा.
- उडवी जमिनीवर नको, दगडावर मांडलेल्या लाकडांवर रचा.
- उकिरड्यात शिळा भात, माशांचे काटे टाकू नका.
- लाकडाची रास, कौलं, नारळाची सोडणं भिंतीपासून हातभर लांब.
- रताळी, भुईमूग तयार झाले की लगेच काढा.
- वाफ्याभोवती जाळी घालणार असाल तर अर्ध्या इंचापेक्षा बारीक भोकांची, दीड-दोन फूट खोल, तळाशी बाहेर वळवलेली.
- धामण दिसली तर जाऊ द्या. गव्हाणी घुबडाला हाकलू नका, ते रात्रभर तुमचंच काम करतं. विष खाऊन मेलेला उंदीर त्याच्या किंवा मांजराच्या तोंडी लागू नये म्हणून रोज सकाळी मेलेले उचला.

बिळं बुजवताना हातात रबरी मोजे आणि पायात गमबूट पाहिजेतच. हाताला चीर असेल तर त्या दिवशी घरातल्या दुसऱ्याला सांगा. सिंधुदुर्गात लेप्टोने, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापाने, माणसं गेली आहेत आणि त्याचे जंतू उंदराच्या मुतातून ओल्या मातीत, पाण्यात येतात. बिळांचं काम केल्यावर पंधरवड्याभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर मेडिकलातून गोळी घेऊन अंगावर काढू नका. सरकारी दवाखान्यात जा आणि शेतात, बिळांत हात घातला होता हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

आणखी एक. तुमचं परडं मोकळं झालं आणि शेजारचं तसंच राहिलं तर दोन-तीन आठवड्यांत रिकामी बिळं पुन्हा भरतात. म्हणून वाडीतल्या दहा घरांनी एकच संध्याकाळ ठरवा. कापणीच्या गडबडीत सगळ्यांना एकदम वेळ मिळत नाही हे मला माहीत आहे, पण एवढ्या कामाला घरटी दीड तास लागतो. एका घमेल्यात ओली माती, एक फावडं, दहा-वीस काठ्या. नुसत्या बुजवण्याला पैसा लागत नाही, आणि सकाळी जिवंत बिळांचा आकडा हातात आला की पुढचा खर्चही निम्म्यावर येतो.

पहिली फेरी या आठवड्यात. दुसरी फेरी, शेवटची पेंढी खळ्यात आल्यावर आठ दिवसांनी, वाल-कुळीथ पेरायच्या आधी. तिसरी झोडणी होऊन उडवी मोडल्यावर, कारण तिच्या बुडाखालचे उंदीर त्याच रात्री घराकडे वळतात. तिन्ही वेळा काम तेच: संध्याकाळी बुजवणं, सकाळी मोजणं.