स्वतःचं गाणं स्वतः रिलीज करताय? आधी कागद, मग अपलोड

आधी गाणं लोकांपर्यंत पोचवायचं तर लेबल, म्हणजे म्युझिक कंपनी, लागायचीच, कारण सीडी छापून दुकानांच्या रॅकवर नेऊन ठेवणं एकट्याच्या खिशाला झेपणारं नव्हतं. मग १९९९ ला नेटवरून गाणी शेअर करायचं नॅपस्टर आलं, २००३ ला आयट्यून्स स्टोअरने एकेक गाणं ९९ सेंटला विकायला काढलं, २००८ ला स्पॉटिफाय सुरू झालं आणि रॅक अडवून बसलेल्या लेबलांची मक्तेदारी गेली. पण लेबल नुसतं सीडी छापत नव्हतं ना, हक्क, हिशोब, तारखा सगळं तेच बघायचं, आणि ते काम आता आपल्याकडे आलंय. नवीन मुलांचं नुकसान इथेच होतं, गाण्यात नाही.

तर पहिलं काम, कोणाचा किती वाटा ते लिहून काढा. गीतकार, संगीतकार, गायक, बीट (गाण्यामागचं तयार संगीत) बनवणारा, सगळ्यांचे टक्के एका कागदावर, सह्यांसकट. मित्रामित्रांत हे राहून जातं आणि गाणं चाललं की भांडणं होतात. अजून एक, गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, एक शब्द-चालीचा आणि एक रेकॉर्डिंगचा. डिस्ट्रिब्युटर (स्पॉटिफायसारख्या ॲप्सवर तुमचं गाणं चढवणारी कंपनी) तुम्हाला रेकॉर्डिंगचे पैसे आणून देतो, शब्द-चालीच्या रॉयल्टीसाठी आपापल्या देशातल्या कॉपीराइट सोसायटीत वेगळी नोंदणी करावी लागते, आणि हे बहुतेक जण करतच नाहीत, पैसे तिकडे पडून राहतात. बीट नेटवरून घेतलं असेल तर लायसन्स शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

मग डिस्ट्रिब्युटर. काही जण दरवर्षी फी घेतात (ती भरायची थांबली की गाणं उतरवलं जाऊ शकतं), काही एकदाच फी घेऊन कमाईत वाटा ठेवतात, जसं सीडी बेबी ९ टक्के. वर्षाला एखादंच गाणं करणार असाल तर मला दुसरा प्रकार बरा वाटतो.

प्रत्येक रेकॉर्डिंगला त्याची ओळख म्हणून १२ अक्षर-आकड्यांचा आयएसआरसी कोड मिळतो. तो जपून ठेवा! डिस्ट्रिब्युटर बदलताना मी नवीन कोड घेतला आणि ते गाणं किती वेळा ऐकलं गेलं त्याचे जुने सगळे आकडे गेले, फार वाईट वाटलं होतं. तोच कोड, तीच फाइल, तेच स्पेलिंग ठेवायचं.

तारीख तीन-चार आठवडे पुढची टाका. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट ठरवणाऱ्या एडिटरना गाणं रिलीजच्या आधीच पाठवता येतं, निदान ७ दिवस आधी पाठवा, रिलीज झाल्यावर तो रस्ता बंद.

पैशांचं म्हणाल तर एका स्ट्रीमला (म्हणजे गाणं एकदा ऐकलं गेलं की) अमुक इतके असा ठरलेला दर स्पॉटिफायवर नसतो, एकूण कमाईतला तुमच्या स्ट्रीम्सचा हिस्सा मिळतो. आणि २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम नसतील तर त्या रेकॉर्डिंगचे पैसे मिळत नाहीत. हा आकडा गाठायला कोणी “गॅरंटीड स्ट्रीम्स” विकायला आलं तर अजिबात घेऊ नका, खोटे स्ट्रीम पकडले गेले की डिस्ट्रिब्युटरला दंड लागतो आणि तो सरळ तुमचं गाणं उतरवू शकतो. असा मेसेज आला तर उत्तरही देऊ नका, ब्लॉक करा.